फळ्यावरचा ग्रीनहॉर्न

प्रार्थनेले सारे पोट्टे-पोट्टी रांगेत उभे होते. फळ्यावर 'आजचा शब्द' लिहायचा मान इंग्रजीच्या मोठ्या सरचा. त्याईनं लिहिलं, ग्रीनहॉर्न. अन् खडू माह्याकडं रोखला.

"म्हणजे नवशिका. मूळ अर्थ, कोवळ्या शिंगांचा बैल. आपल्या नव्या मॅडमना विचारा. शिंगांची ओळख त्यांच्या घराण्याला आपल्यापेक्षा जुनी."

पोट्टे हासले. मास्तर लोक त्याहून जास्त हासले. मी मान खाली घातली.

खामगावच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवाले लागली होती. एमए, पहिल्या नंबरानं. चार महिने झाले, एक वर्ग भेटला नाई. स्टाफरूमचा रिवाज म्हणे, नव्या माणसानं साऱ्याईचे कप धुवायचे. माह्यासंगच लागलेला सरचा भाचा मात्र पहिल्याच दिवशी बारावीवर गेला. तो काय आईच्या पोटातून ग्रामर शिकून आला होता?

प्रार्थना झाली. मी नळावर गेली. हातात सरचा उष्टा कप, अन् आबा आठवला. माह्या आबानं वरवट बकालात गावची मेलेली ढोरं ओढली, सोलली. धम्म घेतला त्या दिवशी सुरी मोडली अन् पाटलाले सांगतलं, "तुमचा बैल तुमीच ओढा." लय मार खाल्ला. पण पुन्हा सुरी धरली नाई. अन् त्याची एमए झालेली नात कप धुऊन राह्यली! थू! मले माहीच लाज वाटली.

कप तसाच नेला, सरच्या टेबलावर ठेवला.

"तुमचा कप तुमी धुवा."

"अरे वा! शिंगं फुटली वाटतं?"

"हो, फुटली. अन् तुमी शब्द अर्धाच सांगतला, सर. बैलामागून तो फौजेतल्या नव्या शिपायाले लावला. मंग कोणत्याबी नवशिक्याले. तुमच्या भाच्यालेबी लागते. त्याच्याकडं काऊन नाई रोखला खडू?"

सरनं कप बाजूले सारला. भाचा मोबाइलात पाहून राह्यला. इतकी वर्सं इंग्रजी शिकवली या माणसानं, अन् डिक्शनरी अर्ध्या ओळीवरच बंद करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. उद्धट वागणूक, लेखी खुलासा द्या. म्या एकच ओळ लिहिली, 'मी कप धुणार नाही.'

वर्ग अजूनबी भेटला नाई. तो मी घेतल्याबिगर राहत नाई. अन् उद्या कोणी नवी पोट्टी नोकरीले लागली, याईनं तिच्यापुढं कपाचा ट्रे सरकवला, तं तो ट्रे मी उचलीन. सरच्या टेबलावर नेऊन ठेवीन. साऱ्याईचे उष्टे कप. रोज. न धुता.