आमची दिव्यांग सुविधा समिती

संध्याकाळी समा भागातल्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, आम्ही मित्र जमलो की पहिला प्रश्न मलाच: "काय कुलकर्णी, समितीचं नवीन काय?" मी बडोद्याजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात विजेची यंत्रं शिकवतो. त्याबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही. समितीचं मात्र दर आठवड्याला काहीतरी साचलेलं असतंच.

ही दिव्यांग सुविधा समिती. मी तिचा प्रमुख. निवड कशी झाली? समिती नेमली त्या महिन्यात माझा पाय मोडला होता! प्रिन्सिपल साहेब माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाले, "तुमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला आहे?"

प्लास्टर सहा आठवड्यांत निघालं. पद अजून निघत नाही.

* * *

पहिलं काम रॅम्पचं. केतकी शिर्के माझ्याच विभागात पहिल्या वर्षाला आली होती, व्हीलचेअरवर. वडील बाजव्याकडे रिफायनरीत कामाला. तेच तिला रोज व्हॅनमधून सोडायचे. रॅम्प आमच्याच सिव्हिल विभागानं बांधला. वर्गात ते उतार एकास बारा शिकवतात, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. बांधला एकास चार!

केतकीनं खालून वर पाहिलं. "सर, चढायचा की याच्यावरून उडी मारायची?"

तक्रार करायला मी गेलो, तर वॉचमन रमणभाई त्या उतारावरून बाइक सोडून चालू करत होता, एकदम खूश. "साहेब, बहु सरस छे! बेटरी उतरेली होय तोय बाइक चालू थई जाय!"

तो रॅम्प तोडून नवा बांधेपर्यंत वर्ष गेलं. तोवर तिला वडील मागून ढकलायचे.

* * *

मग 'सर्वांसाठी अभियांत्रिकी' हा सेमिनार. मुख्य वक्ती केतकी. हॉल तिसऱ्या मजल्यावर! लिफ्टची जागा आहे, पण तिथं मोडके बाक भरलेत.

चार पोरं उत्साहानं म्हणाली, "आम्ही खुर्चीसकट उचलून नेतो."

"मी सोफासेट नाही," केतकी म्हणाली.

शेवटी ती तळमजल्यावरून फोनवर बोलली. वर निवेदक गहिवरून गेला: "केतकीबेन ऑनलाइन जोडल्या गेल्या आहेत. तंत्रज्ञानानं अंतर किती कमी केलंय!"

टाळ्या तिला फोनच्या आधी जिन्यातूनच ऐकू आल्या.

* * *

हार्दिकला ऐकू येत नाही. व्हायव्हाला त्यानं बाहेरच्या परीक्षकांसमोर कार्ड ठेवलं: 'कृपया प्रश्न लिहून विचारा.' परीक्षकांनी ते नीट वाचलं, मान डोलावली आणि ओरडले, "ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय?"

मग आणखी जोरात. मग उभं राहून!

हार्दिकला एकही प्रश्न कळला नाही. बाहेर रांगेतल्या बावीस जणांना सगळे कळले. त्या बॅचइतका सुंदर व्हायव्हा आमच्या विभागात कधी झाला नाही.

मी भांडून हार्दिकची परीक्षा पुन्हा घ्यायला लावली, लेखी. उत्तरं वाचून परीक्षक चकित. "अरे, याला तर येतंय!"

* * *

नेहाला दिसत नाही. मिड-सेमला ती तोंडी सांगणार आणि लेखनिक लिहिणार. लेखनिक विषयाचा जाणकार नको, असा परीक्षा विभागाचा आग्रह. म्हणून आर्ट्स कॉलेजातली एक भाविक मुलगी आणली. नेहानं सर्किट सांगितलं: "पहिला रोध दहा ओहम, दुसरा वीस ओहम..." पोरीनं प्रत्येक रोधावर सुबक ॐ काढला!

तपासणारे मास्तर पेपर घेऊन माझ्याकडे आले. "यावर लाल पेन कसं चालवू?" त्यांनी दहापैकी दहा दिले.

नेहाला कळलं तेव्हा ती मुळीच हसली नाही. "सर, माझं सर्किट बरोबर होतं. मार्क त्याचे द्या. देवाचे नकोत."

मास्तरांनी पुन्हा तपासलं. दहाच निघाले.

* * *

आता केतकीचा इंटरव्ह्यू. कंपनीनं तिला घेतलं हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं ऐकताना तुमचा जीव टांगणीला लागेल.

शेवटचं वर्ष. मुलाखत तळमजल्यावर, प्रिन्सिपल साहेबांच्या केबिनमध्ये. कंपनीचे अधिकारी समोर, कोपऱ्यात मी. केतकी धडाधड उत्तरं देत होती. साहेब तर तिला स्वतःच घडवल्यासारखे मिश्यांत हसत होते.

अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. "शेवटचा प्रश्न. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

केतकीनं वर छताकडे बघितलं.

"दुसऱ्या मजल्यावर, सर. आमची लायब्ररी तिथं आहे म्हणतात."