मोठ्या साडूंचा ब्लॉग हलतो तेव्हा

आमच्या मोठ्या साडूंइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडणार नाही. इचोड्याच्या ढाब्यावर पोहे घ्यायचे की भजी, हे ठरेपर्यंत त्यांचा चहा निवतो आणि मग त्या निवलेल्या चहाचं काय करावं, हा नवाच प्रश्न उभा राहतो. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्लॉग सुरू केला. वांग्यांचे भाव, निर्मलची लाकडी खेळणी, शेजाऱ्याचा कूलर, त्यांना कुठलाच विषय वर्ज्य नाही. पण ब्लॉग होता एका जुन्या, फुकटच्या ठिकाणी. पान उघडेपर्यंत वाचकाची एक डुलकी होई आणि लेखाच्या मधोमध केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात येई. साडूंना टक्कल असल्यामुळे ती फार जिव्हारी लागे. ब्लॉग दुसरीकडे हलवा, असा मी धोशा लावला. लेख सगळे नव्या जागी येतील, फक्त त्यांच्याखालच्या लोकांच्या प्रतिक्रिया मागे राहतील, एवढंही सांगून ठेवलं.

साडूंनी आधी नव्या जागेची चौकशी आरंभली. "शेजार कसा हाय, थे पाहा लागते," म्हणून तिथल्या अनोळखी लोकांचे ब्लॉग महिनाभर वाचले. एकजण शेअर बाजारावर लिहीत होता, एक बाई रोज आपल्या मांजरीवर. शेजार पसंत पडला. मग मुहूर्त काढला आणि घरभरणीला करतात तसं हळदीच्या अक्षता घेऊन वाचकांना घरोघरी आमंत्रण द्यायला आम्ही निघालो. आपण वाचक आहोत, हे बहुतेकांना अक्षता हातात पडल्यावरच कळलं.

शेवटचं घर गुडीहत्नूरच्या निवृत्त गुरुजींचं. गुरुजी बौद्ध, म्हणून त्यांच्यासाठी अक्षता नाहीत, पेढे. असल्या बाबतीत साडू कधी चुकत नाहीत. बाकी सगळ्या बाबतीत ते चुकतात, असं गुरुजींचं मत, आणि ते प्रत्येक लेखाखाली सविस्तर लिहिलेलं असतं. त्याला साडूंचं उत्तर मूळ लेखाहून लांब. दोघांची वर्षानुवर्षांची ही रोजची भेट.

गुरुजींनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "अन् माह्या प्रतिक्रिया?" त्या येणार नाहीत, असं मी सांगितलं.

"मंग तिथं तुमी एकलेच शहाने दिसान," गुरुजी साडूंना म्हणाले.

परतताना साडू इचोडा आल्यावर म्हणाले, "साडभाऊ, नाई हलवत मी." त्यांच्या आयुष्यातला हा पहिला झटपट निर्णय असावा. मी चिडलो, महिनाभराची माझी खटपट पाण्यात गेली होती.

हल्ली गुरुजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्यांच्या प्रतिक्रिया आखूड होत चालल्या आहेत. परवा साडूंनी चेहरा पाडून मोबाईल माझ्यापुढे धरला. लेखाखाली गुरुजींचा एकच शब्द होता, 'छान'.

"पाहा न," साडू म्हणाले, "एकबी चूक नाई काढली." मी तो शब्द पुन्हा वाचला. साडू मात्र तेवढ्यात चपला शोधू लागले होते. गुडीहत्नूरची बस अजून मिळेल का, एवढंच त्यांनी मला विचारलं.