आतलं दार

"आधी झोपा," मिस्त्री म्हणाले.

सकाळचे दहा वाजले होते. आम्ही अंगणात उभे होतो आणि नव्या खोलीचा, मी रात्री पट्टी घेऊन काढलेला नकाशा मी त्यांच्यापुढे धरला होता. नकाशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"खोली कोनाची? तुमची?"

"नाही, माझ्या वडिलांची."

"मग तुमी नका झोपू. त्यांना बोलवा."

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांना भर अंगणात सतरंजीवर झोपवण्यात आलं. मिस्त्रींनी त्यांच्याभोवती पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. मग त्यांना कुशीवर वळायला लावलं, मग उठायला लावलं. "सावकाश. रोज उठता तसं." अण्णा डावा हात टेकून उठले. "डावा हाय," असं मिस्त्री पुटपुटले आणि पलंग कुठल्या भिंतीला लागणार ते तिथेच ठरलं. रात्री किती वेळा उठता, हेही त्यांनी विचारलं आणि पलंगापासून संडासापर्यंतची पावलं अण्णांना चालायला लावून मोजली. शेजारणी कंपाउंडवरून बघत होत्या. रस्त्याने जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाने तर स्कूटर थांबवून लांबूनच हात जोडले. अण्णा उठून बसल्यावर तो बिचारा इतका ओशाळला की पुढे महिनाभर आमच्या गल्लीतून गेला नाही.

मी शाळामास्तर. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो, तेव्हा माझ्या नकाशाची अशी बोळवण झालेली मला फारशी रुचली नाही. पण खरं सांगायचं तर ती खोली मापाला जितकी बरोबर उतरली, तितकं माझं एकही गणित उतरलेलं नाही.

मिस्त्रींचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या हर्सूलमध्ये त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलंही नाही. बुटका, काटकुळा माणूस. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, कानावर पेन्सिल आणि खिशात जुन्या मोज्यात गुंडाळलेला ओळंबा. ओळंबा त्यांना लागायचा तो भिंत सरळ उभी राहतेय का हे बघताना, पण डोळ्यातला ओळंबा चोवीस तास चालू असायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना दुसऱ्याचं चुकलेलं पाहून पोटात दुखतं. लग्नाला गेले तरी मिस्त्री एक डोळा मिटून मंगल कार्यालयाची भिंत बघणार आणि जेवता जेवता शेजारच्याला म्हणणार, "दीड सूत बाहेर गेली." वास्तुशांतीला त्यांना बोलवायचं की नाही, यावर घराघरांत चर्चा होत.

कुणी काही भलतंसलतं सुचवलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "घर हाय, गोडाऊन नाय." खिडकी लहान ठेवा म्हणणाऱ्याला ते ऐकावं लागे, आणि ओटा उंच करा म्हणणाऱ्यालाही. मलाही ऐकावं लागलं, त्याकडे येतोच.

आमचं घर बैठं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दगडमातीच्या भिंती, वर पत्रे. अण्णा तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे, त्या काळात त्यांनीच ते बांधलेलं. अण्णांची शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेली. मिस्त्रींना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे दोघांना एकमेकांबद्दल कळलं त्या दिवसापासून मिस्त्री कामावर येताना उर्दू पेपर घेऊन येऊ लागले. दुपारी चहाच्या वेळी अण्णा चष्मा लावून तो मोठ्याने वाचायचे आणि मिस्त्री विटांच्या ढिगावर बसून ऐकायचे. मधेच "वाह" म्हणायचे, मधेच "झूट हाय" म्हणायचे. आमच्या शेजाऱ्यांना या दृश्याची फार गंमत वाटे. मला वाटे ती काळजी, की या वाचनापायी काम लांबतंय.

कारण मला घाई होती. माझी मुलगी ऋता दहावीत जाणार होती. अण्णांचा खोकला आणि अण्णांचा रेडिओ, दोन्ही मोठ्या आवाजाचे. अण्णांना स्वतंत्र खोली, शेजारी संडास, पायऱ्या नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मला ती खोली हवी होती, ती मुख्यतः खोकला भिंतीपलीकडे जावा म्हणून. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. स्वतःलाही नाही.

घराच्या ज्या बाजूला खोली जोडायची होती, त्या बाजूच्या जुन्या भिंतीला पोट सुटलं होतं. ती पाडून विटांची नवी बांधायची ठरली. भिंत गुडघ्याएवढी वर आली तेव्हा मिस्त्रींनी काम थांबवून मला हाक मारली.

"सर, दार कुठं धरू?"

"दार बाहेरून आहे ना, अंगणातून."

"ते हाय. आतलं कुठं? सैपाकघरातनं?"

"आतून दार नको."

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "म्हंजे म्हाताऱ्या मानसानं चा प्यायला अंगनातून फिरून यायचं?"

"आम्ही चहा तिकडे नेऊ."

"चा जाईल हो सर. घरातला आवाज कसा जाईल?"

"आवाज नकोच आहे," मी म्हणून गेलो. "इकडचा तिकडे नको, तिकडचा इकडे नको. मुलीचा अभ्यास आहे."

"घर हाय सर, गोडाऊन नाय. मानूस ठेवताय, पोती नाय."

"मिस्त्री," मी वर्गात वापरतो त्या आवाजात म्हणालो, "घर माझं आहे."

ते माझं नव्हतंच. ज्यांचं होतं ते अण्णा दहा पावलांवर खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "मिस्त्री, पोरगा म्हणतो तसं करा."  मिस्त्री थापी उचलून भिंतीकडे वळले.

खोली झाली. सुरेख झाली. अण्णा तिकडे राहायला गेले आणि सुरुवातीला रोज दोनदा अंगणातून फिरून चहाला स्वयंपाकघरात येत. पावसात छत्री घेऊन येत. मग गुडघे दुखायला लागले, तेव्हा एकदाच येत. मग माझी बायको मंगल चहा तिकडे नेऊ लागली. काही दिवसांनी आम्ही त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि भिंतीपलीकडच्या माणसाला फोन करून "जेवण आणू का?" असं विचारू लागलो. मला ही मोठी सोय वाटली होती.

वर्षभराने स्वयंपाकघरातल्या त्या भिंतीच्या गिलाव्यावर चीर दिसली. डोक्याच्या वर एक आडवी, सरळ, आणि तिच्या दोन्ही टोकांपासून खाली जाणाऱ्या दोन. मला आतून बरंच वाटलं. हे माझं लक्षण आहे, दुसऱ्याची चूक सापडली की मला हुरूप येतो. मी मिस्त्रींना बोलावलं आणि दोन शेजाऱ्यांसमोर सुनावलं, "लोकांच्या भिंती दीड सुताने बाहेर दिसतात तुम्हाला. ही आपली बघा!"

मिस्त्रींनी चिरेवरून बोट फिरवलं. वरून आडवं, मग खालपर्यंत. शेजारी जाईपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, "सर, ही चीर नाय. हे दार हाय."

मला काही कळेना.

"वर लिंटल टाकलेलं हाय, दारावर टाकत्यात तसं. खालच्या इटा नुस्त्या मातीत बसवल्यात, बाजूच्या भिंतीत गुतवल्या नाहीत. लिंटलखालची पयली वीट काढली की बाकीच्या हातानं निघत्यात. वरची भिंत हालायची नाय. एका दिवसाचं काम."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर तुमी नक्को म्हनला असता." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "गुस्सा नका करू सर. आज ना उद्या तुमाला वाटंल. तवा पुन्यांदा तोडफोड नको, म्हनून करून ठेवलं. अण्णांना नाय बोललो मी. तुमीच सांगा, तुमच्या तोंडून चांगलं वाटंल."

मला राग आला आणि लाजही वाटली, आणि दोन्ही एकदम आलं की मी करतो तेच केलं. म्हणालो, "बघू. दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर मिस्त्रींचा फोन आला : "सर, कवा येऊ?" मी म्हणालो, पाहुणे आहेत. संक्रांतीला आला, तेव्हा शाळेचं स्नेहसंमेलन होतं. उन्हाळ्यात धूळ फार होईल असं सांगितलं. मग ऋताची बारावी आली. ऋताने एकदा स्वतःच विचारलं, "बाबा, आजोबांकडे इकडून दार असतं तर?" मी तिला म्हणालो, तुझी परीक्षा होऊ दे. दर वेळी मिस्त्री म्हणायचे, "व्हय व्हय, तुमच्या सवडीनं. पन अण्णांच्या वयाला सवड नाय सर." अण्णांना मी दाराबद्दल सांगितलंच नाही. केल्यावरच सांगू म्हटलं.

पुढे मिस्त्रींच्या डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू होता, त्यांनी तो अंगावर काढला. ज्या माणसाला दीड सूत दिसायचं त्याला समोरचा माणूस दिसेना. त्यांची मुलगी शबाना त्यांना पैठणला आपल्या घरी घेऊन गेली. जाण्याआधी ते अण्णांना भेटायला आले. अण्णांनी त्यांना पेपर वाचून दाखवला. मी शाळेत होतो.

त्यानंतर पाच महिन्यांनी अण्णा गेले. सकाळी मंगल चहा घेऊन गेली तेव्हा रेडिओ चालू होता. मोबाइल खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला होता, पलंगापासून चार हात लांब. डॉक्टर म्हणाले, पहाटे कधीतरी गेले असतील, झोपेतच. ते तसंच झालं असावं. त्यांनी हाक मारली होती का, हे आम्हाला माहीत नाही. मारली असती तरी आम्हाला ऐकू आली नसती, इतकी चांगली भिंत मी बांधून घेतली होती.

दशक्रियेला आम्ही पैठणला गेलो. घाटावरचं सगळं आटोपल्यावर नातेवाईक जेवायला बसले आणि मी शबानाचं घर शोधत निघालो. सुतकात कुणाच्या घरी जाऊ नये हे ठाऊक होतं. ओट्यावरच बसेन, मिस्त्रींना अण्णांचं सांगेन आणि निघेन, असं ठरवलं होतं. हे कुणी दुसऱ्याने त्यांना सांगू नये असं फार वाटत होतं.

दारात शबाना उभी होती. तिने माझं मुंडण केलेलं डोकं पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आत बाजेवर मिस्त्री बसले होते. मी "मिस्त्री" म्हणालो आणि त्यांनी आवाजाकडे तोंड वळवलं.

"सर? या, या! पैठणला कसं काय?"

"काम होतं."

ते चाचपडत ओट्यावर आले आणि माझा हात धरून बसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सर, दार पाडलं का?"

मी काय करायला गेलो होतो आणि काय केलं! त्यांची ती वर केलेली हनुवटी, न दिसणारे डोळे, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाडलं."

"पाडलं?" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "लई चांगलं केलं सर. आता कुकरची शिट्टी जात असंल त्यांना. पोरीचं हसनं जात असंल. मानसाला दुसरं काय लागतं हो. अण्णा काय म्हनले?"

"खूश झाले," मी म्हणालो.

"होनारच. त्यांना सांगा, ईद झाली की मी येतो. पेपर आनतो. दार मी हातानं बघीन."

शबाना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती माझ्या डोक्याकडे बघत होती. मी निघालो तेव्हा ती गल्लीच्या टोकापर्यंत आली. "सर, अब्बांना मी सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "मीच सांगेन."

तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी नाक्यावरून एक गवंडी आणला. लिंटलखालची पहिली वीट निघाली आणि मिस्त्री म्हणाले होते तशा बाकीच्या हाताने निघाल्या. दुपारच्या जेवणाच्या आत काम संपलं. गवंड्याने दोन्ही बाजूंना ओळंबा लावून पाहिला आणि विचारलं, "हे कोनी करून ठेवलंय हो?" एवढ्याशा कामाला मी तीन वर्षं लावली होती. मंगल स्वयंपाकघरात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मला वाटतं, त्या दिवशी तिचं माझ्याबद्दलचं मत थोडं बदललं, आणि ते चांगल्या बाजूने नाही.

मी ईदची वाट पाहत राहिलो. ते आले की या दारातून त्यांना अण्णांच्या खोलीत नेईन, पलंगावर बसवेन आणि मग सगळं सांगेन, असं मनाशी घोकत होतो. ईद झाली. ते आले नाहीत. मीही गेलो नाही. पैठण काही सातासमुद्रापार नाही, बसने दोन तास लागतात. मग एका रविवारी शबानाचा फोन आला. मिस्त्री गेल्याला आठ दिवस झाले होते.

"तुमाला कळवायचं राहून गेलं सर," ती म्हणाली. "शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, हर्सूलच्या सरांनी माझं ऐकलं. येईल त्याला तेच सांगायचे."  मग म्हणाली, "अण्णांचं मी त्यांना सांगितलं नाही. पन एक इचारू का? दार खरंच पाडलं होतं ना?"

मी त्या दारातच उभा होतो. पलीकडे अण्णांचा पलंग डाव्या भिंतीला होता, चादर घातलेली. कुकरची शिट्टी झाली आणि इकडून तिकडे स्वच्छ गेली.

"हो," मी म्हणालो. "पाडलं."

कधी पाडलं, ते तिने विचारलं नाही.