उईके मॅडमचं पथक

कोणाचे हात रिकामे दिसले की उईके मॅडमला चैन पडत नसे. शाळेच्या फाटकापाशी मुलीची वाट पाहणारा बाप असो, की तपासणीला आलेले साहेब, त्या सरळ जवळ येत, हातात दोरीचं टोक देत आणि म्हणत, "धरा जी. कायले उभे राहता नुसते?" मीही असाच धरला गेलो.

नागपूरकडच्या गोरेगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. त्या वर्षी माझी बायको वारली आणि सहावीतली पूर्वा बोलेनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची, तेवढंच. एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "बाबा, मला गाइडच्या पथकात नाव टाकायचं आहे." कितीतरी महिन्यांनी तिनं आपणहून काही मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला सोडायला गेलो. मैदानावर निळ्या गणवेशातल्या वीस-पंचवीस मुली तंबू उभारत होत्या आणि ठेंगण्या, सावळ्या उईके मॅडम गळ्यात शिटी अडकवून त्यांच्यात फिरत होत्या. माझ्या हाती दोरी आली. मी मारलेली गाठ त्यांनी एका झटक्यात सोडवून दाखवली.

"दोरी विकता अन् गाठ नाही येत? पोरी शिकवतील. शनिवारी या."

मी गेलो. मग दर शनिवारी जाऊ लागलो. खुंटाला दोरी कशी आवळायची ते मला पूर्वानंच शिकवलं. माझी बोटं चुकली की ती खुदकन हसायची. ते हसू ऐकण्यासाठी मी कधीकधी मुद्दाम चुकायचो. आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते त्या मैदानामुळे.

मॅडम देवरीकडच्या जंगलातल्या गावच्या. वडील वनखात्यात मजूर. गावातून शिकून मास्तरीण झालेली ही पहिली मुलगी. गोरेगावात एका खोलीत एकट्या राहायच्या. बोलणं असं की समोरचा आधी चिडायचा आणि घरी गेल्यावर विचार करायचा. शिबिराला मुली पाठवायला पालक तयार नव्हते, तेव्हा त्या मला बरोबर घेऊन घरोघरी फिरल्या. एका घरी वडील हटूनच बसले. मॅडम म्हणाल्या, "सासरी पाठवता जन्मभरासाठी, तेव्हा नाही भेत. दोन दिवस माझ्यासंगं पाठवाले भेता?" ते साक्षीचे वडील. एसटीत कंडक्टर होते. त्यांनी साक्षीला पाठवलं.

शिबिर बोदलकसा तलावाजवळ होतं; मदतीला मीही गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम निम्म्या मुलींना घेऊन पक्षी दाखवायला निघाल्या. उरलेल्या मुली स्वयंपाक करत होत्या. जाताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तेव्हा जवळ फक्त पूर्वा होती, "भाऊ, चुलीपासून हलायचं नाही. पोरींजवळच राहा."

मी हललो. दुकानातून फोन आला, आवाज तुटत होता, म्हणून रेंजसाठी तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर चढलो. पाच मिनिटंही झाली नसतील. खालून किंकाळी ऐकू आली. साक्षीनं भाताचा गंज, ते मोठं पातेलं, एकटीनं उतरवायला घेतला होता आणि उकळती पेज तिच्या पायावर सांडली होती.

मी पोहोचलो तोवर मॅडम धावत आल्या होत्या. त्यांनी पायावर थंड पाणी ओतत ठेवलं, ओढणी ओली करून वर धरली, आणि तिरोड्याच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये तो पाय मांडीवर घेऊन बसल्या. मला एका शब्दानंही काही विचारलं नाही.

आठवड्यानं शाळेत पालकांची सभा झाली. साक्षीचे वडील उठून ओरडले, "पोरी चुलीपाशी टाकून ही बाई पाखरं पाहाले गेली!" कोणी म्हणालं, पोलिसात द्या. पोलिसांचं नाव ऐकलं आणि मी मागच्या रांगेत सरकलो. मला काही झालं तर पूर्वाला कोण, हा एकच विचार डोक्यात होता. मुख्याध्यापकांनी मॅडमना विचारलं, तेव्हा चुलीजवळ कोण होतं?

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"शिबिर माझं होतं," त्या म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

पथक बंद झालं. काही महिन्यांनी मॅडमनी त्यांच्या गावाकडच्या शाळेत बदली मागून घेतली. सभेच्या दिवशी संध्याकाळी पूर्वानं मला विचारलं होतं, "बाबा, तुम्ही काऊन नाही बोलले?" मी तिला अभ्यासाला बस म्हणालो.

पूर्वा दहावीत असताना कळलं की मॅडमना पोटाचा कॅन्सर झालाय आणि नागपूरहून त्यांना घरी परत पाठवलंय. मी गेलो. अंगणात बाजेवर त्या पडून होत्या. इतक्या वाळल्या होत्या की त्यांच्याकडे बघवेना; मी आधी शेजारी बसलेल्या त्यांच्या आईकडेच पाहत राहिलो. मी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"मले माहीत होतं तुम्ही नाही बोलणार. तरी तुमच्याकडेच पाहून राहिली होती मी."

"राग आला असेल, मॅडम."

"आला ना! कायले नाही येणार? लय दिवस आला. मंग थकली." थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी नका बोलू. साक्षीच्या बापाले सांगा. त्याले वाटते, त्याच्या पोरीकडे माझं लक्ष नव्हतं. तेवढंच मनाले लागून राहिलं."

मी सांगतो म्हणालो. दोनदा साक्षीच्या घराच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तिसऱ्यांदा जायच्या आधीच मॅडम गेल्याचा निरोप आला.

त्यांच्या रीतीप्रमाणे दहन न करता गावाबाहेर त्यांना माती दिली. पथकातल्या चौदा मुली आल्या होत्या. गणवेश केव्हाच आखूड झालेले, म्हणून नुसते स्कार्फ घालून. त्यांनी तीन बोटांची सलामी दिली. पूर्वा रडत होती. साक्षी तिचा हात धरून उभी होती. साक्षीचे वडील मागे, पळसाच्या झाडाखाली होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन, पाळ, सभा, सगळं.

ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्या बाईले भर सभेत काय काय बोललो, भाऊ," ते म्हणाले. "आता कोणापाशी जाऊन माफी मागू?"

मग ते एकटेच मागे वळले आणि त्या ओल्या मातीपाशी जाऊन बसले. माझा मात्र तिथवर जायचा धीर झाला नाही.