गादीबदल

बुलडाणा जिल्ह्यात दोन धंद्यांचं जमवून द्यावं ते माझ्या मामेसासऱ्यांनीच, आणि एका देहात दोन माणसांनी राहावं तेही त्यांच्याच. पहिली गोष्ट सगळे मान्य करतात. दुसरी मेहकरच्या बसस्टँडवरचा चहावाला शपथेवर सांगेल. मामा आधी बिनसाखरेचा चहा मागवतात, तो डाव्या हातानं पितात, आणि कप खाली ठेवला की उजव्या हातानं दुसरा घेतात, भरपूर साखरेचा. एसटीत हट्टानं खिडकी धरतात आणि गाडी सुटते न सुटते तोच वारा लागतो म्हणून उठतात. आमच्या घरच्या एका पंगतीत भाजी कशी झाली विचारलं तर म्हणाले, "झकास," आणि पुढच्याच घासाला, जरा जाड आवाजात, "खारट हाय." माझी बायको लहानपणापासून हे पाहत आल्यामुळे तिला त्याचं काही वाटत नाही. माझ्या मात्र पहिल्या दिवाळीला त्या जाड आवाजानं अंगावर काटा आला होता, कारण तो ज्या बाजूनं आला त्या बाजूला मामांचं तोंडच नव्हतं.

मामांचा धंदा कोणता, हे मलाही नीट सांगता येत नाही. मी त्यांचं व्हिजिटिंग कार्ड छापलं तेव्हा नावाखालची ओळ कोरीच ठेवावी लागली. खांद्याला पिशवी अडकवून ते गावोगाव हिंडतात, कुणाकडे काय आहे आणि कुणाचं काय अडलंय ते बघतात, आणि दोघांना एकत्र बसवतात. तेलघाणीवाल्याला त्यांनी पेंड लागणारा दूधवाला गाठून दिला. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी सुटे भाग विकणारा आणून बसवला. दलाली म्हणून एक वेळचं जेवण. अट मात्र एकच, आणि तिच्यात सूट नाही. कागद करण्याआधी दोघांनी एक दिवस एकमेकांच्या गादीवर बसायचं, शटर उघडल्यापासून दिवाबत्तीपर्यंत. मधे उठायचं नाही. "कागद वकील करून देते," ते म्हणतात, "पन मानूस गादीच सांगते." असे बसून आलेले लोक त्या दिवसाविषयी बोलत नाहीत. तो तेलघाणीवाला तर आजही विषय निघाला की म्हशीकडे बघत बसतो, आणि म्हैसही त्याच्याकडे बघते.

माझी पाळी आली ती लग्नपत्रिकांमुळे. लोक पत्रिका मोबाईलवर पाठवू लागले आणि माझा छापखाना थंडावला. वडिलांनी हौसेनं घेतलेल्या मशीनवर भंगारवाला दोनदा येऊन बोटानं टकटक करून गेला होता. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. हा हंगाम गेला की मशीन जाणार हे मला कळून चुकलं होतं. मामांनी दुसरबीडचे भास्करराव मंडपवाले शोधले. मांडव सांगायला येणाऱ्याला कमान, फलक, पत्रिका सगळं लागतंच. ते एकाच ठिकाणी मिळालं तर कोण मोबाईलवर बोटं झिजवत बसेल, असा हिशेब. ठरल्या दिवशी भास्करराव सकाळीच मेहकरला माझ्या प्रेसमध्ये जाऊन बसले आणि मी दुसरबीडला त्यांच्या गादीवर. मामा समोरच्या लिंबाखाली बाकड्यावर.

सकाळ बरी गेली. मग एक म्हातारे गृहस्थ नातीच्या लग्नाचा मांडव सांगायला आले आणि त्यांनी तारीख उच्चारताच मी म्हणालो, "त्या दिवशी मोठा मांडव लागलेला हाय, काका. लहान घ्या." मी वही उघडलीही नव्हती. उघडली, तर खरंच होतं. काका गेले, आणि माझं बोट गल्ल्यावर ठोके देऊ लागलं. भास्कररावांना ती सवय आहे, हे मी पाहिलं होतं. पण ते अंगठी घालतात, मी घालत नाही, आणि आवाज येत होता तो अंगठीचा. बाहेर बाराचं ऊन पडलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मागे गोदामात रिकाम्या खुर्च्यांची रास. तेवढ्यात बायकोचा फोन. आम्ही प्रेसच्या वरच राहतो. ती हळू आवाजात विचारत होती, की तुम्ही दुसरबीडले गेले ना, मंग खाली तुमच्यासारखं खोकून कोन राह्यलं?

मी उठलो. कोणीही उठला असता. चपला घालून तडक लिंबाखाली गेलो आणि मामांना सांगितलं, की मशीन भंगारात गेलं तरी चालेल, मला हे जमणार नाही.

मला वाटलं होतं मामा रागावतील. त्यांनी बाकड्यावर सरकून मला जागा करून दिली. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी बायकोलाही ठाऊक नव्हती. तरुणपणी जळगाव जामोदला त्यांचा एक जिवलग मित्र होता, बियाण्याचं दुकान असलेला. भागीदारीत ये म्हणून तो मागे लागला होता. गादीबदल ही त्याचीच कल्पना, गंमत म्हणून काढलेली. मामा त्याच्या गादीवर बसले, आणि दुपारी त्यांचा डावा हात आपोआप उठला आणि चहाच्या कपाकडे गेला. मित्र डावखुरा होता. मामा घाबरून उठले आणि मिळेल त्या एसटीनं घरी आले. मित्रानं एकट्यानं दुकान रेटलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी तो गादीवरच गेला. शटर अर्धं ओढलेलं होतं. डुलकी लागली असेल म्हणून संध्याकाळपर्यंत कोणी आत डोकावलं नाही.

"मी असतो तं दिसलं असतं, जवाईबापू," मामा म्हणाले. "दिवाबत्तीले अंगातलं ते सोडून देते, सगळ्यायले सोडते. मी मधातच उठलो, म्हनून तो अर्धा माह्यापाशी राहून गेला. तुम्ही असे नका उठू."

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी परत जाऊन बसलो. ती दुपार कशी गेली ते मी इथे लिहिणार नाही. आता मलाही त्यावर बोलावंसं वाटत नाही. दिवेलागणीला समोरच्या दुकानातला दिवा लागला आणि माझं बोट थांबलं. खांद्यावरचा कुणाचा तरी हात निघून जावा तसं झालं. भास्कररावांचा फोन आला, ते स्वतःच्याच आवाजात म्हणाले की कागद करू. मशीन वाचलं होतं. मामा रस्ता ओलांडून उंबऱ्याशी आले, पण आत आले नाहीत.

"सुटलं?"

मी मान हलवली.

"सांगा बरं, सुटल्यावर कसं वाटते?" इतकी वर्षं लोकांना त्या गादीवर बसवणाऱ्या माणसाला हे एवढंच माहीत नव्हतं.

हलकं वाटतं असं सांगणार होतो. पण मामांशी खोटं बोलवेना. म्हणालो, "एकटं वाटून राह्यलं, मामा."

त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला.

"हाव का?" ते म्हणाले. "मंग बरं हाय माह्यं."