आढ्यावरची मूठ

दांडेमामा रंधा मारताना डोळे मिटून घेत. "डोयाले लाकूड दिसते, तयहाताले मानूस दिसते," असं म्हणत. आम्ही शिरपूरचे लोक थोडं वाढवून सांगतो हे कबूल, पण हे मी समोर बसून पाहिलेलं आहे. एकदा कुऱ्हाडीच्या दांड्यावर माशी बसली, मामांचा मिटल्या डोळ्यांनी रंधा आला, आणि ती माशी दोन्हीकडून सारखी सोलून निघून उडाली. बारीक झाली होती, पण चालीत काही फरक नव्हता. गावात कोणी विश्वास ठेवत नाही. कोणी माशीला विचारलंही नाही.

आमच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं छप्पर होतं. कुऱ्हाड, फावडं, कुदळ, खुरपं, कशालाही दांडा किंवा मूठ ते बसवून देत. पण रिकाम्या हाताने आलेल्याला परत पाठवत. "जुना दांडा आन. मोडका आन, जयका आन, पन आन." वर्षानुवर्षं धरून धरून दांड्यावर हाताची वाट पडते, ती पाहिल्याशिवाय नवा दांडा बसत नाही, हा त्यांचा कायदा. नवा नेला की जुना त्यांच्याकडेच राही. जिवंत माणसांचे दांडे जमिनीवर ढिगात. धनी वारला, की मामा त्याचा दांडा ढिगातून काढून छपराच्या आढ्याला टांगत. ते दांडे जाळायचे नाहीत, उतरवायचे नाहीत. भर दुपारी वारा पडलेला असताना ते वर एकमेकांना टकटक लागत. गिऱ्हाईक दचकून वर पाहू लागलं, की मामा सांगत, "काही नाही, सुटी झाली त्यायची."

माझी गिटार मी वाशीमच्या बाजारातून जुनी आणली होती. दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. वस्तीच्या गायन पार्टीत पेटी होती, ढोलकी होती, आणि पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती अशी गिटार होती. तिची मान मात्र एवढी जाड, की घोरपडीला मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटे. दोन गाणी झाली की माझ्या डाव्या अंगठ्यात पेटका येई, आणि बोटं उघडायला ढोलकीवाल्याला बोलवावं लागे. आमचे मुख्य गायक पेटीदादा सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून बे, बोटायचं लगन लागलं का? नवरीवानी खाली पाहून बसलेच हायेत! जयंतीच्या कार्यक्रमात हात आखडला, तर कारंज्याच्या ब्यांजोवाल्याले बोलावतो. मंग तू टाया वाजव."

त्या जागेवर माझा जीव होता. स्टेजवर पेटीदादांच्या डाव्या हाताला, पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी बसे, तेव्हा आईसुद्धा मला ओळखत नसल्यासारखी कौतुकाने पाही. मी गिटार उचलून मामांकडे गेलो.

मामांनी तिच्या मानेवरून बोटं फिरवली. "हे तर आयतं पोट सुटलेलं हाय. खरवडता येईल. आकार कोनता पायजे?"

"हाताला सोपा पडेल असा."

"सोपा कोनाच्या हाताले? तुह्या हातात जल्मात दांडा नाही. तुहा बाप कचेरीत." त्यांनी ढिगाकडे बोट दाखवलं. "सारे धरून पाय. जो हातात घेतल्यावर इसरून जाशील, तो तुहा. मी चहा पिऊन येतो."

मी एकेक दांडा गिटारीच्या मानेसारखा आडवा धरून पाहू लागलो. कुऱ्हाडीचा गोल, अंगठा कुठे टेकावा कळेना. फावड्याचा अंडाकृती, बरा, पण लठ्ठ. विळ्याच्या मुठीला कणा असा, की तळहातात रुते. ढीग संपला. मी मान वर केली. आढ्याला एक आखूड, काळी मूठ टांगलेली होती, खुरप्याची. मला मामांचा कायदा ठाऊक होता. पण मी नुसती धरून पाहणार होतो.

ती एका अंगाला चपटी होती, आणि अंगठ्यापाशी किंचित खोलगट. हातात घेतली आणि हात रिकामाच आहे असं वाटलं. पाहतो तर बोटं तिच्याभोवती मिटलेली होती. ती मी मिटली नव्हती.

मामा परत आले ते दारातच थांबले. वरचे दांडे टकटकायचे थांबले होते.

"कोनी उतरवली?"

"मी. मामा, चुकलं. पण…"

"बसली का हातात?"

"बसली."

त्यांनी आढ्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग माझ्या हातातून मूठ घेतली, डाव्या हातात धरली, आणि उजव्याने गिटारीची मान खरवडू लागले. संध्याकाळपर्यंत आकार उतरला. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी गिटार दिली ती तान्हं पोर द्यावं तशी, मानेखाली हात धरून.

त्यानंतर माझा हात दुखला नाही. पुढचं मी कमी करून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, लागला फेकायला. मी सूर लावायच्या आत बोटं तिथे पोचलेली असत. पेटीदादा चाल चुकले, तर डावा हात त्यांना ओढून जागेवर आणी. चैत्राच्या उन्हात सारं शिवार भेगाळलेलं, आणि माझ्या हाताला ओल्या मातीचा वास. सराव संपला की डाव्या हाताच्या नखांत काळी माती भरलेली. उजव्याची नखं स्वच्छ.

जयंतीला आम्ही असं वाजवलं की ट्रान्झिस्टर घेऊन आलेल्यांनी आपापले ट्रान्झिस्टर लाजून बंद केले. पेटीदादांनी माइकवरून सांगितलं, "ही जागा आता याचीच!" समोर पहिल्या रांगेत दांडेमामा बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. माझ्या हाताकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. ओसरीवर टेकले. म्हणाले, "पोरा, ती मूठ तुह्या मामीची. लोकायच्या वावरात निंदू निंदू तशी झाली. दुकायात गवत उगवलं नाही, त्या सालीच गेली ते."

मी डाव्या हाताच्या नखांतली माती पाहिली.

"मले वाटलं, पुन्हा तिचा हात पाहाले भेटल. म्हून तिचा आकार तुह्या गिटारीत उतरवून देल्ला. काल पायला. ते बसून नाही राह्यली रे. ते अजून निंदूनच राह्यली." त्यांनी माझा डावा हात हातात घेऊन उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता, कुठल्याच तारेजवळ नसलेल्या जागी. "मान खरवडू दे मले. साधी गोल करून देतो."

"मामा, माझी जागा जाईल." आणि मग मी, शिकलेला माणूस, म्हणालो, "आपण भूत मानत नाही."

"मीबी नाही मानत. पन दमलेला मानूस मानतो."

मी नाही म्हणालो. ते उठून गेले, रागावले नाहीत.

चार-सहा दिवस मी घट्टा आणि हट्ट दोन्ही टिकवून बसलो. एका दुपारी जेवायला बसलो, उजव्या हाताने घास घेत होतो. आई भाजी वाढता वाढता थांबली. "काय उपटून राह्यला बाप्पा?" पाहिलं तर डावा हात सारवलेल्या जमिनीवर पुढे पुढे सरकत होता, चिमटीत काहीतरी धरून उपटत होता, बाजूला टाकत होता, पुन्हा पुढे. मी उजव्या हाताने तो दाबून धरला. तो थांबला नाही. त्याच्या तळव्याला घाम आला होता. मी घास तसाच ठेवून उठलो आणि गिटार घेतली.

कारंज्याचा ब्यांजोवाला आठवड्याभरात एस.टी.ने आला आणि माझ्या जागेवर बसला, हे आधीच सांगून टाकतो. वाजवायचाही बरा.

मामा छपराखाली पोत्यावर बसले होते. गिटार पाहिली आणि काही न विचारता कानस घेतली. हलक्या हाताने घासत होते, आणि दर दोन हात मारले की गिटारीच्या मानेला विचारत होते, "लागते का?" माझा डावा हात मांडीवर होता. घासण्यागणिक तो एकेक बोट सैल सोडत गेला. शेवटी अंगठा राहिला. मग तोही. उलटा होऊन हात मांडीवर पडला, मजूर बाई दिवस मावळल्यावर बांधावर टेकते तसा.

मामांनी कानस खाली ठेवली. भुसा फुंकला. मग पोत्यावर थोडे बाजूला सरकले आणि हाताने पोतं झटकून जागा केली.

मला वाटलं, माझ्यासाठी. मी बसायला वाकलो.

"तू नको," मामा हळूच म्हणाले. "तू तिकडे बस."