दुसरा भाग

माझी आई भिकार पुस्तकं वाचायची. हे मी तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती चष्मा पुसत म्हणायची, "तुझी चांगली हायत ना, मग तू वाच."

मी महाडच्या कॉलेजात मराठी शिकवते. आई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या गावातल्या घरी एकटी राहायची. दर शनिवारी मी एसटीने तिच्याकडे जायचे, तेव्हा पिशवीत भाजीबरोबर वाचनालयातल्या दोन कादंबऱ्या असायच्या. मुखपृष्ठावर डोळे मोठ्ठे केलेली बाई आणि तिच्या मागे मोटार, नाहीतर पिस्तूल. एसटीत कुणी विद्यार्थी भेटला तर मी पालेभाजी वर सारायचे.

एकदा हौसेने मी तिला माझ्या आवडीची, बक्षीस मिळालेली कादंबरी नेऊन दिली. तिने ती प्रामाणिकपणे शेवटपर्यंत वाचली. पुढच्या शनिवारी म्हणाली, "खरं हाय सगळं. पन हे मला ठाऊक हाय. ठाऊक हाय तेच कशाला वाचू?" मग मी तिला साहित्याचं प्रयोजन समजावून सांगितलं. ती वाल सोलत राहिली. मी दमून गप्प बसले तेव्हा म्हणाली, "झालं? आता ते टोपलं इकडं दे."

गेल्या उन्हाळ्यात तिच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. मी रोज आईच्या घरून महाडला जाऊन-येऊन करायला लागले. आईला बसवेना, पुस्तक हातात धरवेना. म्हणजे आता वाचून दाखवणं आलं, आणि ते माझ्याच नशिबी. कादंबरी दोन भागांची होती. एका मुलीला फसवून लांबच्या शहरात नेतात आणि ती घरी परतायला निघते, एवढीच गोष्ट. मी मुद्दाम नाटकी आवाज काढून वाचायचे. आई रागावली. "नीट वाच गो. तिची चेष्टा नको."

पहिला भाग संपला तेव्हा ती मुलगी एका अनोळखी ट्रकमध्ये चढत होती. दुसरा भाग मी सोमवारी आणणार होते. रविवारी सावित्री नदीला पाणी चढलं.

पाणी चढू लागलं की महाडच्या बाजारपेठेत जो तो आपला माल माळ्यावर टाकतो. कुठला आधी टाकायचा हे प्रत्येक दुकानदाराला पाठ असतं: ज्याला गिऱ्हाईक आहे तो. आमच्या वाचनालयाच्या समितीत मात्र दुकानदार एकही नव्हता, सगळी शिकलेली माणसं. त्यांनी आधी ग्रंथ वर नेले. जाडजूड संच, समीक्षा, मानाच्या कादंबऱ्या. ग्रंथपालबाई खालच्या कपाटाशी उभ्या राहून सांगत होत्या की लोक नेतात ती पुस्तकं ही इथली आहेत. "ती काय, कुठेही मिळतील," असं त्यांना उत्तर मिळालं. तेवढ्यात पाणी उंबऱ्यावर आलं. मी त्या दिवशी आईपाशी होते. तिथे असते तर वेगळं काही केलं असतं, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

पाणी ओसरल्यावर मी गेले. वर ग्रंथ कोरडे ठणठणीत होते. खालच्या कपाटात चिखलाचा लगदा होता आणि बाई तो घमेल्याने बाहेर काढत होत्या.

दुसरा भाग कुठेही मिळाला नाही. प्रकाशन कधीच बंद पडलेलं. पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारलं, तर माणूस हसला. अशी पुस्तकं कोण जपून ठेवतो, ताई? पुरातून वाचली ती फक्त त्या वेळी लोकांच्या घरी असलेली. बाईंनी निरोप धाडले तशी ती पाचाडहून, वरंधहून प्लास्टिकच्या पिशव्यांत येऊ लागली. मी प्रत्येक पिशवी उघडून पाहिली. आई इकडे रोज विचारायची, "गावली का?" तिचं खाणं पेजेवर आलं होतं.

शेवटी मी दुसरंच एक पुस्तक हातात धरून मनानेच रचत वाचायला लागले. माझ्या गोष्टीत ती मुलगी गावी पोहोचते, घराला कुलूप असतं, लोक ओळख दाखवत नाहीत आणि ती आल्या पावली परत फिरते. मला ते बरं साधलंय असंही वाटलं.

आई आढ्याकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "हे तुझं हाय. पुस्तकातलं नाय."

मी पुस्तक मिटलं.

"तिला घरी आन गो."

"आई, असं होत नाही."

"होत नाय ते मला नको सांगू," ती म्हणाली, आणि थांबत थांबत तिने सांगितलं. तिचं माहेर वरंध घाटाच्या पलीकडे, भोरच्या बाजूला. तिची आई आजारी असल्याचा निरोप भर पावसात आला. मला कडेवर घेऊन ती निघाली. घाटात दरड कोसळलेली, गाडी मागे फिरली. वरंधला कुणाच्या तरी पडवीत ती बसून राहिली. रस्ता मोकळा झाल्यावर पोचली, तर सगळं उरकलं होतं. "घरात पनती व्हती. आय नव्हती." आजी पावसाळ्यात गेली एवढंच मला माहीत होतं.

मग मी त्या मुलीला घरी आणलं. ट्रकवाल्याला भला माणूस केलं, कशेडी घाट सुखरूप उतरवला, पाऊस थांबवला. आमच्या वर्गात ज्याला आम्ही नाकं मुरडतो ते सगळं केलं.

"आय व्हती का दारात?" आईने विचारलं.

"होती."

"काय म्हनली?"

"म्हणाली, किती वाळलीस गो. चल, आधी जेव."

आईच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बाय पोचली."

आई गणपतीच्या आधी गेली. मी महाडला वर्गात होते. शेजारच्या काकूंचा फोन आला तशी निघाले. ऊन पडलं होतं, गाडी लगेच मिळाली, कुठे दरड नाही की पाणी नाही, तरी मी पोहोचले नाही. हा शेवट एखाद्या कादंबरीत आला असता तर मी मुलांना म्हटलं असतं, बघा, किती संयत, किती खरा. मला तो नको आहे. मला माझी आई दारात हवी आहे.